डीजेच्या ठोक्यावर सॅक्सोफोन

लग्नाच्या रिसेप्शनला किंवा गोव्यातल्या किनाऱ्यावरच्या क्लबात हल्ली हे दृश्य नेहमीचं झालं आहे. डीजे आपल्या यंत्रांमागे उभा असतो आणि गळ्यात सॅक्सोफोन अडकवलेला एक वादक नाचणाऱ्यांच्या गर्दीत फिरत वाजवत असतो. समोर नोटेशनचा कागद नसतो. पुढचं गाणं कोणतं लागणार, हेही त्याला बऱ्याचदा ठाऊक नसतं. तरी त्याचा सूर गाण्यात असा बसतो, की तो भाग मूळ रेकॉर्डिंगमध्येच असावा असं ऐकणाऱ्याला वाटतं. ज्याने सॅक्सोफोन नुकताच हातात घेतला आहे आणि एखादं स्केल जेमतेम स्वच्छ वाजवता येतं, त्याला हे सगळं आपल्या आवाक्याबाहेरचं वाटतं. जॅझवाले ज्या उपजेसाठी वर्षानुवर्षं रियाज करतात, ती इथे इतक्या सहज कशी जमते?

उत्तराचा मोठा भाग वादकाच्या बोटांत नसून गाण्याच्या बांधणीत आहे. चार्ली पार्करच्या काळातलं जॅझ घ्या. तिथे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा जुडगा, दर बारला, म्हणजे दर चार ठोक्यांना, कधी कधी तर दर दोन ठोक्यांना बदलतो. वादकाला डोळ्यांत तेल घालून प्रत्येक कॉर्डचे सूर पकडावे लागतात. डान्स म्युझिक मात्र शिकागोच्या क्लबांत १९८०च्या दशकात ‘हाउस’ या नावाने घडलं, तेव्हापासून त्याचा पाया पुनरावृत्तीचा आहे. चार कॉर्डची एक साखळी किंवा एकच कॉर्ड मिनिटामागून मिनिटं फिरत राहतो. सूर जवळजवळ स्थिर राहतात आणि त्याखाली ठोका अखंड चालतो. तानपुऱ्याच्या आधाराने वाढत जाणारं गाणं ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला ही रचना परकी वाटायचं काहीच कारण नाही. जॅझमध्येही माइल्स डेव्हिसने १९५९च्या ‘सो व्हॉट’मध्ये हीच वाट धरली होती: पहिले सोळा बार एकच सप्तक, मग ते अर्धा सूर वर सरकवून आठ बार, आणि पुन्हा मूळ सप्तक.

म्हणूनच नवशिक्याने मनाशी एक गोष्ट पक्की करावी. इथे सुरांचा प्रश्न लवकर सुटतो. खरा रियाज लागतो तो वेळेचा, म्हणजे सूर कधी सुरू करायचा, कधी तोडायचा आणि कधी गप्प बसायचं याचा.

आधी षड्ज शोधा

डीजेच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गाण्याशेजारी ‘८ए’, ‘९ए’ असे आकडे दिसतात. ही गाण्याची पट्टी. ८ए म्हणजे ए मायनर, आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी सहाचा षड्ज. डीजेला विचारता आलं तर उत्तमच. नाही तर कानाने शोधावं लागतं. गाण्यातला सगळ्यांत खालचा बेस आठ-दहा सेकंद ऐका आणि ज्या सुरावर गाणं घरी आल्यासारखं वाटतं, तो सूर गुणगुणा. सॅक्सोफोनवर हळू आवाजात तो सूर सापडला, की षड्ज मिळाला.

इथे सॅक्सोफोनची एक खोड समजून घ्यायला हवी. पेटीवर जो सूर ‘सी’, तो सॅक्सोफोनवर ‘सी’ची बोटं लावून येत नाही. आल्टो सॅक्सोफोनवर सीची बोटं लावली तर ई फ्लॅट ऐकू येतो, टेनरवर बी फ्लॅट. सोप्रानो, आल्टो, टेनर, बॅरिटोन अशा सगळ्या आकारांच्या सॅक्सोफोनची बोटं एकसारखीच राहावीत आणि वादकाला एकावरून दुसऱ्यावर सहज जाता यावं, यासाठी ही सोय आहे. त्याची किंमत म्हणजे डोक्यातल्या डोक्यात पट्टी बदलावी लागते. गाणं पांढरी सहात असेल, तर आल्टोवाल्याने काळी तीनच्या जागी, म्हणजे एफ शार्पला, षड्ज मानायचा आणि टेनरवाल्याने पांढरी सातला, म्हणजे बीला. सुरुवातीला सगळ्या बारा पट्ट्यांच्या मागे लागू नये. दोन-तीन पट्ट्या बोटांत बसवाव्यात आणि त्याच पट्ट्यांतली गाणी रियाजाला घ्यावीत.

पाच सूर, आणि दोन गाळलेले

डान्स म्युझिकमध्ये वारंवार भेटणारी साखळी म्हणजे ए मायनर, एफ, सी, जी. पांढरी सहाला षड्ज मानून हे चार कॉर्ड सरगममध्ये लिहिले तर असे दिसतात: सा-कोमल ग-प, कोमल ध-सा-कोमल ग, कोमल ग-प-कोमल नि, आणि कोमल नि-रे-म. सगळे मिळून सात सूर होतात. त्यांत दोन जोड्या अशा आहेत की त्यांतले सूर एकमेकांपासून फक्त अर्ध्या सुरावर आहेत: रे आणि कोमल ग, तसंच प आणि कोमल ध. असे शेजारी सूर नको तिथे एकत्र वाजले, की कानाला ओरखडा उठतो.

आता रे आणि कोमल ध हे दोन सूर बाजूला ठेवा. उरतात सा, कोमल ग, म, प, कोमल नि. पाश्चात्त्य पद्धतीत याला मायनर पेंटॅटॉनिक म्हणतात. आपल्याकडे धानीचे सूर तेच. तांदळातले खडे आधीच वेचून ठेवले म्हणजे घास निर्धास्त घेता येतो, तसं या पाच सुरांचं आहे. त्यांपैकी कोणताही सूर कुठेही लागला तरी सहसा वाईट वाटत नाही. एकच जागा जपायची. चौथ्या कॉर्डवर कोमल ग लांबवू नये, कारण त्या कॉर्डच्या पोटात रे वाजत असतो. तिथे कोमल ग ओझरता घ्यावा.

धानीचं नाव घेतलं म्हणून आपण राग वाजवतो आहोत, असं मात्र मानू नये. रागाचं चलन, न्यासाच्या जागा, त्याचा स्वभाव या सगळ्याला खालून बदलणारे कॉर्ड धक्का देतात. आपण फक्त त्याचे सूर उसने घेतो आहोत, आणि ते तसंच म्हणणं मला योग्य वाटतं.

सगळ्यांत सोपा पहिला पाठ दोन सुरांचा आहे. पहिल्या दोन कॉर्डवर सा धरा, पुढच्या दोन कॉर्डवर कोमल नि. सा पहिल्या दोन्ही कॉर्डचा घटक आहे, कोमल नि नंतरच्या दोन्हींचा. त्यामुळे तुमचा सूर जागचा न हलताही खालचा कॉर्ड बदलला, की त्याचा रंग बदलतो. हे एकदा स्वतःच्या कानाने ऐकलं, म्हणजे जास्त सूर वाजवायची घाई आपोआप कमी होते.

चौकट : पांढरी सहाच्या गाण्यासाठी बोटं

आल्टोवर लिहिण्याचे सूर : एफ शार्प, ए, बी, सी शार्प, ई. षड्जाला डाव्या हाताची तीन बोटं आणि उजव्या हाताचं मधलं बोट. पंचम, म्हणजे सी शार्प, सगळी बोटं उचलून वाजतो. हा उघडा सूर बारीक आणि चंचल असतो. त्याला ओठांनी सांभाळावं लागतं आणि ट्यूनर समोर ठेवून तो वेगळा घोटावा लागतो.

टेनरवर लिहिण्याचे सूर : बी, डी, ई, एफ शार्प, ए. इथे मधल्या सप्तकातला षड्ज डाव्या हाताच्या एकट्या तर्जनीवर येतो.

दोन्हींवर सुरुवात मधल्या भागातून करा. अगदी खालचे सूर बोलायला उशीर लावतात, आणि ठोका थांबत नाही.

तकिट तकिट तक

आता खरी मेहनत. गाण्याचा वेग मिनिटाला १२० ठोके धरू. हाउसचा वेग साधारण त्याच्या आसपास असतो. एक ठोका अर्ध्या सेकंदाचा होतो, आणि ठोक्याचे चार भाग केले तर एकेक भाग सेकंदाचा आठवा हिस्सा. ड्रम मशीन हे भाग घड्याळासारखे समान पाडतं. जॅझ ऐकून सॅक्सोफोनकडे वळलेला विद्यार्थी नकळत सुरांच्या जोडीतला पहिला लांब आणि दुसरा आखूड करतो. त्याला स्विंग म्हणतात. जॅझमध्ये ती शोभा आहे, पण सरळ चालणाऱ्या हाउसच्या ठोक्यावर तेच वाजवलं की सूर मागे लोंबकळल्यासारखा वाटतो. म्हणून आधी सरळ, समान सूर वाजवायला शिकावं.

त्यासाठी सूर एकच घ्यावा: सा. गाणं लावा आणि सॅक्सोफोन खाली ठेवून आधी तोंडाने म्हणा: तकिट तकिट तक. आठ अक्षरं, चार ठोक्यांत बरोबर एक बार. तीन, तीन आणि दोन अशी वाटणी असल्यामुळे पहिला ‘त’ ठोक्यावर पडतो, दुसरा दोन ठोक्यांच्या मध्ये आणि तिसरा पुन्हा ठोक्यावर. नाचाला लावणारी ओढ याच विषम वाटणीतून येते, आणि क्युबापासून लंडनपर्यंतच्या नृत्यसंगीतात ती सापडते. आता प्रत्येक ‘त’ला सॅक्सोफोनवर आखूड सा वाजवा. बारला तीनच सूर. हे दहा मिनिटं न डगमगता जमलं, तर निम्मं काम झालं.

हे तीन सूर वाजताना तोंडात काय होतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. माउथपीसला बांधलेली वेताची पातळ पट्टी, म्हणजे रीड, श्वासाने थरथरते तेव्हा सूर निघतो. सूर फुंकून सुरू करायचा नसतो. श्वास आधीच दाबून तयार असतो आणि जिभेचं टोक रीडला टेकलेलं असतं. जीभ ‘त’ म्हणताना मागे येते तसं रीड मोकळं होतं आणि सूर त्याच क्षणी उमटतो. जिभेने पुन्हा हलका स्पर्श केला की सूर कापल्यासारखा थांबतो. पण नवशिके सूर थांबवण्यासाठी श्वास सोडून देतात. मग सूर विझत विझत जातो आणि त्याची शेपटी पुढच्या ठोक्यावर लोळते. यंत्राच्या आखीव ठोक्याशेजारी हा ढिलेपणा लगेच कानावर येतो. सुराच्या सुरुवातीइतकाच त्याचा शेवटही वेळेवर पडला पाहिजे.

वेळेचा आणखी एक शत्रू हॉलमध्ये असतो: अंतर. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. वादक स्पीकरपासून १० मीटरवर उभा असेल, तर ठोका त्याच्यापर्यंत पोहोचायला सेकंदाच्या साधारण तीन शतांश इतका वेळ लागतो. तो ऐकून वाजवतो, त्याचा सूर माइकमधून पुन्हा स्पीकरवर जातो, आणि स्पीकरजवळच्या श्रोत्याला तो तेवढाच मागे पडलेला ऐकू येतो. गर्दीत फिरणारे वादक कानात मॉनिटर घालतात ते याच कारणाने. मॉनिटर नसेल तर नवशिक्याने डीजेच्या टेबलाजवळच उभं राहावं.

आठ बारांचं आवर्तन

डान्स म्युझिक चार-चार ठोक्यांच्या बारांनी चालतं आणि बार सहसा आठ-आठच्या गटात येतात. १२०च्या वेगाला आठ बार म्हणजे १६ सेकंद. या गटाच्या तोंडाशी बहुतेक वेळा झांज वाजते, नवं वाद्य आत येतं किंवा एखादं बाहेर जातं. ही इथली सम. ती मोजायची सवय लागली, की पहिल्यांदाच ऐकलेल्या गाण्यातही पुढचा बदल कधी येणार याचा अंदाज बांधता येतो. आपल्याला चकित करणारा तो रिसेप्शनमधला वादक गाणं ओळखत नसेल, पण आवर्तन ओळखतो.

आठ बार पूर्ण भरून काढायचे नाहीत. दोन बारांचा छोटा तुकडा वाजवावा आणि दोन बार थांबावं. मग तोच तुकडा पुन्हा, फक्त शेवटचा सूर बदलून, आणि पुन्हा दोन बार शांतता. ऐकणाऱ्याला ओळख पटण्यासाठी पुनरावृत्ती लागते. ओस्लोला २०१०मध्ये झालेल्या युरोव्हिजन स्पर्धेत मोल्दोव्हाच्या ‘सनस्ट्रोक प्रोजेक्ट’च्या सर्गेई स्तेपानोव्हने वाजवलेला छोटासा तुकडा इंटरनेटवर जगभर फिरला. कोणी त्याचे तासन् तास चालणारे व्हिडिओ केले. एका फेरीत बसणारे थोडे सूर आणि नेमकी जागा, एवढ्यावर तो उभा आहे. मँचेस्टरच्या ‘८०८ स्टेट’च्या १९८९च्या ‘पॅसिफिक स्टेट’मधला सोप्रानो सॅक्सोफोनही असाच पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी हवासा वाटतो.

गाण्याचे टप्पे ओळखायला शिकलं पाहिजे. ड्रम बाजूला होतात आणि हवेत फक्त लांब सूर राहतात, तो ब्रेकडाउन. तिथे सॅक्सोफोनला आलापासारखी जागा मिळते. लांब सूर, मींड, श्वासातले चढउतार सगळं तिथे शोभतं. मग ठोके घट्ट होत जातात, आवाज वर चढतो, तो बिल्डअप. आणि सगळं एकदम कोसळतं, तो ड्रॉप. ड्रॉपच्या पहिल्या चार बारांत गप्प राहावं, असं मी आग्रहाने सांगेन. लोक त्या क्षणाची वाट पाहत असतात आणि तो क्षण बेसचा असतो.

बिल्डअपसाठी मात्र आपल्याकडे एक सिद्ध अस्त्र आहे: तिहाई. ड्रॉपच्या आधीचे शेवटचे दोन बार म्हणजे आठ ठोके, नववा ठोका ड्रॉपचा. प, कोमल नि, तार सा हे तीन सूर, एका ठोक्याला एक, असे तीनदा वाजवा. नऊ सूर होतात. तिसऱ्या फेरीचा सा थेट ड्रॉपवर पडतो. वाजवायला अतिशय सोपं आहे, आणि तबल्याची एकही मैफल न ऐकलेला माणूससुद्धा त्या सा-वर हात वर करतो.

इलेक्ट्रॉनिक ठोका आणि आपलं संगीत यांची सोयरीक मुंबईला नवी नाही. चित्रपटसंगीतात वादक म्हणून नाव कमावलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ नावाची तबकडी केली. टीआर-८०८ हे ड्रम मशीन, टीबी-३०३ हे बेसचं यंत्र आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन त्यांनी भैरवी, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर वाजवले. त्याच टीबी-३०३च्या आवाजावर उभं राहिलेलं शिकागोचं अ‍ॅसिड हाउस लोकांसमोर यायला अजून पाच वर्षं होती. ही तबकडी त्या वेळी फारशी कोणी उचलली नाही आणि २०१०मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा जगभरचे डीजे थक्क झाले. सॅक्सोफोन शिकणाऱ्याने ती जरूर ऐकावी. न बदलणाऱ्या आधारावर एक सप्तक किती वेळ आणि किती अंगांनी फुलवता येतं, याचा तो वस्तुपाठ आहे.

यंत्रांच्या गर्दीत सॅक्सोफोन ऐकू का येतो

बेल्जियममध्ये जन्मलेल्या अडॉल्फ सॅक्सने १८४६ साली फ्रान्समध्ये या वाद्याचं पेटंट घेतलं. लष्करी बँडमध्ये मोकळ्या मैदानावर ऐकू जाईल एवढा दमदार, तरीही बासरी-क्लॅरिनेटसारखा चपळ आवाज त्याला हवा होता. तो गुण आज स्पीकरच्या भिंतीसमोर कामी येतो. डान्स ट्रॅकमध्ये किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, आणि बेस तळाशी, बहुतांशी २०० हर्ट्झच्या खाली असतात, आणि झांजा खूप वर. आल्टोचे मूळ सूर साधारण १४० ते ८३० हर्ट्झच्या पट्ट्यात येतात आणि त्यांच्या उपस्वरांची रांग त्याहून बरीच वर, कान सगळ्यांत तीक्ष्ण असतो तिथवर जाते. गायकाचा आवाज राहतो, तीच ही मधली जागा. म्हणूनच गाण्यात शब्द चालू असताना सॅक्सोफोन वाजवू नये. दोघं एकाच जागेसाठी भांडतात आणि दोघांचंही नुकसान होतं.

वाद्य मिळवण्याच्या बाबतीत एक सावधगिरी. सॅक्सोफोन श्वासाने तापतो तसा त्याचा सूर चढतो. म्हणून पाच मिनिटं वाजवून मगच सूर मिळवावा. चढला असेल तर माउथपीस बुचावरून किंचित बाहेर ओढायचा, उतरला असेल तर आत सारायचा. आणि डीजेला एक प्रश्न जरूर विचारावा: ‘की लॉक’ चालू आहे का? ते बंद असेल, तर वेग वाढवताच गाण्याचा सूरही चढतो. १२४चं गाणं १२६ला नेलं, तर सूर अर्ध्या सुराच्या पाव हिश्श्याहून जास्त वर जातो. तेवढ्याने तुम्ही बेसूर ठरता, तेही तुमची काही चूक नसताना.

एका गाण्यातून दुसऱ्यात

नवशिक्याला सगळ्यांत धास्ती वाटते ती डीजे एक गाणं दुसऱ्यात मिसळतो त्या वेळची. तिथेही पाच सूर साथ देतात. चांगला डीजे बहुधा शेजारच्या आकड्यावर जातो, ८एवरून ९एवर. म्हणजे ए मायनरवरून ई मायनरवर, आपल्या हिशोबाने षड्ज पंचमावर सरकला. घाबरण्यासारखं वाटतं, पण दोन्हींचे पाच-पाच सूर मांडून पाहा. ए, सी, डी, ई, जी होते. आता ई, जी, ए, बी, डी आहेत. सी गेला, त्याच्या जागी बी आला, बाकी चार सूर तेच. जुन्या षड्जावरूनच पाहिलं तर कोमल ग जाऊन शुद्ध रे आला, म्हणजे धानीच्या सुरांचे मधमाद सारंगाचे सूर झाले.

त्यामुळे दोन गाणी एकमेकांत मिसळत असताना सा, म, प, कोमल नि एवढ्यांवरच खेळत राहायचं. कोमल ग आणि रे या दोघांनाही हात लावायचा नाही. जुना बेस निघून नव्या गाण्याचा बेस एकटा उरला, पुढच्या आठ बारांची झांज वाजली, की रे आत आणायचा आणि पंचमाला नवं घर मानायचं.